मुद्दाम पिवळा केलेला कागद

जावा बेटावर धार्मिक पुस्तकांच्या दुकानात शिरलं की एक कोपरा पिवळाधमक दिसतो. तिथला कागद जुना होऊन पिवळा पडलेला नसतो, गिरणीतूनच तसा मागवलेला असतो. पूर्वी मक्का-कैरोहून येणारे अरबी ग्रंथ हलक्या, पिवळट कागदावर छापलेले असत. पुढे पांढरा कागद सहज मिळू लागला, पण पांढऱ्या पानावरचा ग्रंथ गिऱ्हाइकाला अस्सल वाटेना. मग इंडोनेशियातल्या प्रकाशकांनी रंग मिसळलेला कागद खास बनवून घ्यायला सुरुवात केली. पुस्तक बांधलेलंही नसतं. सुटे फर्मे वेष्टनात घालून देतात. आजचा धडा ज्या पानावर, तेवढा फर्मा काढून काखेत मारायचा आणि वर्गाला जायचं. या ग्रंथांना म्हणतातच 'किताब कुनिंग', पिवळी पुस्तकं. परंपरा टिकावी म्हणून तिच्या चाहत्यांनी कागदाची गिरणी कामाला लावली, यात मला तरी काही खोटं दिसत नाही. या प्रकरणात भेटणारी मुलंमुली तेच करतात, फक्त त्यांच्या हातातली यंत्रं वेगळी आहेत.

ही पुस्तकं जिथे शिकवली जातात त्या निवासी शाळेला पेसांत्रेन म्हणतात. इंडोनेशियात अशा शाळा २५,००० च्या वर आहेत. कुठे चाळीस-पन्नास मुलं, तर पूर्व जावातल्या लिर्बोयो किंवा सिदोगिरीला हजारोंनी. प्रमुख म्हणजे 'किआई', त्याची बायको 'न्याई', मुलगा 'गुस', मुलगी 'निंग'. आणि शिकायला आलेला प्रत्येक जण 'सांत्री'. आपल्याकडे मदरसा म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते इथे लावून चालणार नाही. भारतातले बहुतेक मुसलमान हनफी, जावा शाफई. शाफईंशी आपली ओळख आहे ती कोकणात. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफईच. धागा एवढाच नाही. पेसांत्रेनमध्ये धर्मशास्त्राचा जो ग्रंथ पक्का झाल्याशिवाय मुलाला कोणी हुशार म्हणत नाही, तो 'फत्हुल मुईन' सोळाव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर लिहिला गेला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्नेय आशियातल्या वाचकांसाठी अरबी लिपीतली मलायी पुस्तकं मुंबईच्या शिळाप्रेसवर छापून बोटीने रवाना होत.

सांत्रीचा दिवस पहाटे, नमाजाच्याही आधी, आंघोळीच्या रांगेत सुरू होतो. कमरेला सारोंग, म्हणजे आपल्या कोकण-केरळातल्या लुंगीची जावानीज बहीण, आणि डोक्यावर काळी टोपी. जेवण चार-पाच जणांचं एका थाळीत, किंवा सणावाराला लांबलचक केळीच्या पानांवर: भात, तेंपे आणि नाकातून पाणी काढणारं सांबल. आवाराची झाडलोट सगळ्यांनी मिळून करायची, तिला 'रोआन' म्हणतात. एकदा तरी खरूज झाल्याशिवाय तू खरा सांत्री नाहीस, असा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गर्दीच्या खोल्या पाहिल्या की तो निव्वळ विनोद वाटत नाही. दुसरा विनोद चपलांचा. दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरणं याला शास्त्रात 'घसब' म्हणतात आणि ते निषिद्ध आहे, हे मुलं सकाळी किताबात वाचतात. बाहेर येऊन पाहावं तर चप्पल गेलेली. मग जी समोर दिसेल ती पायात सरकवून पुढे जायचं. यावर उपाय म्हणून मुलं रबरी चपलांच्या तळव्यांवर ब्लेडने नाव कोरतात, वेलबुट्टी काढतात. हे नक्षीकाम हल्ली कौतुकाने छायाचित्रांत मिरवतं, आणि घसबवरचे चुटके सांत्रींच्या इन्स्टाग्राम खात्यांचा बारमाही माल आहेत. शास्त्रातली संज्ञा ठाऊक असल्याशिवाय त्यातला एकही चुटका कळत नाही.

शिकवण्याच्या जुन्या पद्धती दोन. 'सोरोगान'मध्ये एकेका मुलाने किताब घेऊन किआईसमोर बसायचं आणि वाचून दाखवायचं. 'बांदोंगान'मध्ये किआई वाचतो आणि शेकडो मुलं जमिनीवर बसून लिहीत जातात. काय लिहितात? छापील अरबी ओळींमध्ये मुद्दाम ऐसपैस जागा सोडलेली असते. किआई एक अरबी शब्द उच्चारतो, पाठोपाठ त्याचा जावानीज अर्थ सांगतो. मुलं तो अर्थ त्या शब्दाखाली तिरक्या, मुंगीएवढ्या अक्षरात लोंबता लिहितात. भाषा जावानीज, लिपी अरबी. या लिपीचं नाव पेगोन. वाक्यात उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, कर्ता कोणता, यासाठी एकेका अक्षराच्या खुणा ठरलेल्या: उद्देश्यावर 'मीम', विधेयावर 'खा'. मूळ मजकुराचा एक नुक्ता हलत नाही. पण वर्ष संपताना ते पान पाहिलं तर छापील ओळींपेक्षा खाली लोंबणाऱ्या अक्षरांचीच गर्दी जास्त.

मूळ ओळीला धक्का न लावता तिच्याखाली आपल्या भाषेतला अर्थ लावायचा, ही सवय इथल्या मुलांच्या बोटांत बारा-तेराव्या वर्षी बसते. नव्या गोष्टीकडेही ती त्याच सवयीने पाहतात. यात अट एकच असे: अर्थ किआईने सांगायचा, मुलांनी लिहून घ्यायचा. पेसांत्रेनमध्ये आधुनिकता शिरली असं आपण म्हणतो तेव्हा मोबाइल, बँड, चित्रपट यांच्याकडे बोट दाखवतो. मला वाटतं, खरी हलली ती ही अट. अर्थ सांगणारे आता पुष्कळ झालेत, आणि त्यात विशीतली मुलंमुली आहेत.

नव्या वस्तूंवरचे वाद मात्र जुनेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व जावात एक मोठा वाद पेटला तो लाकडी टोल्यावरून. नमाजाची वेळ झाल्याची वर्दी द्यायला मशिदीत ढोलाबरोबर 'केंतोंगान', म्हणजे पोकळ ओंडक्याचा टोला, वाजवावा की नाही? जोंबांगजवळच्या तेबुइरेंग पेसांत्रेनचे संस्थापक हाशिम अशआरी म्हणाले, नको, चर्चच्या घंटेसारखं होतं. ग्रेसिकचे किआई फकीह म्हणाले, चालेल. दोघांनी एकमेकांविरुद्ध लिहिलं. पुढे हाशिम अशआरी ग्रेसिकला पाहुणे म्हणून जाणार होते, तेव्हा फकीह यांनी आसपासच्या मशिदींतले टोले त्या दिवसापुरते खाली उतरवायला लावले, असं सांगतात. मत बदललं नाही, टोला फक्त उतरवला.

याच हाशिम अशआरींनी १९२६ मध्ये इतर उलेमांबरोबर 'नहदलतुल उलमा' ही संघटना स्थापन केली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी एक आहे. पुढच्याच वर्षी तिच्या अधिवेशनात डच पद्धतीची पँट आणि टाय घालावा का, यावर खल झाला. निकाल असा, की काफिरांची नक्कल म्हणून घातलं तर पाप, तसा हेतू नसेल तर निषिद्ध नाही. हेतूवर बोट ठेवून वस्तूला वाट करून द्यायची, ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली. तेबुइरेंगमध्ये १९१९ पासून मलायी भाषा, अंकगणित आणि भूगोल शिकवू लागले. १९३४ च्या सुमारास हाशिम अशआरींचा मुलगा वाहिद हाशिम याने तिथे वेगळी शाखाच काढली आणि तिच्यात बहुतांश वेळ ऐहिक विषयांना दिला. तेव्हा त्याचं वय होतं वीस-एकवीस. पुढे तो देशाचा धर्मखात्याचा मंत्री झाला, आणि त्याचा मुलगा अब्दुर्रहमान वाहिद, सगळ्यांचा 'गुस दुर', १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष.

दुसरी वाट गोंतोरची. पोनोरोगोजवळ १९२६ मध्ये तीन भावांनी ही शाळा नव्याने उभी केली. या तिघांना तिथे आजही 'त्रिमूर्ती' म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. गोंतोरमध्ये वर्गात पँट-टाय, नमाजाला सारोंग. बोलायचं फक्त अरबी किंवा इंग्रजीत. नियम मोडणाऱ्यांवर नजर ठेवायला मुलांमधूनच हेर नेमलेले. वरच्या वर्गातली मुलं दरवर्षी रंगमंचावर दिव्यांच्या झगमगाटात मोठमोठे कार्यक्रम उभे करतात. तिथले माजी विद्यार्थी अहमद फुआदी यांची 'नेगेरी लीमा मेनारा' ही कादंबरी २००९ मध्ये आली, तिच्यावर चित्रपटही निघाला. शहरी मध्यमवर्गीय घरांना पेसांत्रेनमध्ये मुलं घालायची उमेद तिने दिली. कादंबरी म्हणून मला ती फार गोड वाटते. खरुजेचा वास तिच्यात येत नाही. पण त्या काळात दहशतवादाच्या बातम्यांमुळे पेसांत्रेनकडे संशयाने पाहिलं जात होतं, तेव्हा तिचा गोडवा कामाला आला.

आता मोबाइल. बहुतेक पेसांत्रेनमध्ये विद्यार्थ्यांना तो ठेवता येत नाही. घरी बोलायचं तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या फोनवरून. चोरून ठेवलेला सापडला तर जप्ती, कुठे कुठे तर सगळ्यांसमोर हातोड्याने चुरा. आणि त्याच पेसांत्रेनचं यूट्यूब चॅनेल मात्र चोख चालतं. हे जमतं कसं? वरच्या वर्गातल्या काही मुलांना 'मीडिया टीम' म्हणून परवाना असतो. कॅमेरा, संगणक, ड्रोनसुद्धा त्यांच्या ताब्यात. किआईचं प्रवचन ते चित्रित करतात, त्यातला दीड मिनिटाचा तुकडा काढतात, वर मथळा चढवतात. आणि कोणता दीड मिनिट काढायचा, हे ठरवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा असतो.

गुस बहा हे याचं ठळक उदाहरण. रेंबांगकडचे हे किआई. कुराण मुखोद्गत, पांढरा सदरा, मागे सरकवलेली काळी टोपी, बोलणं निम्मं जावानीज आणि विनोदी. त्यांनी स्वतः समाजमाध्यमांवर नाव कमावण्याची कधी धडपड केली नाही. त्यांच्या वर्गात बसणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणं केली, ती हातोहात फिरली, यूट्यूबवर चढली, कोणी इंडोनेशियन उपशीर्षकं घातली, आणि दोन-तीन वर्षांत खेड्यातल्या वर्गातले हे गुरुजी जकार्तातल्या ऑफिसमधल्या लोकांच्या कानात जाऊन बसले. जुन्या बांदोंगानमध्येही शिष्यच लिहीत, पण ते पान शिष्याच्या पेटीत राही.

उलिल अब्शार अब्दल्ला यांनी २०१७ मध्ये उलटी वाट धरली. पेसांत्रेनमध्ये वाढलेला हा लेखक रमजानात फेसबुकवर थेट प्रक्षेपण करून गझालीचा 'इह्या' ग्रंथ जुन्या पद्धतीने, शब्दाखाली जावानीज अर्थ लावत, वाचू लागला. समोरची तांत्रिक बाजू सांभाळायची त्यांची पत्नी येनास त्सुरोइया, म्हणजे कवी आणि चित्रकार असलेल्या किआई मुस्तोफा बिस्री यांची मुलगी. परदेशात नोकरी करणारे, कधीकाळी सांत्री असलेले लोक घरबसल्या पुन्हा बांदोंगानला बसले. २०२० मध्ये करोनामुळे पेसांत्रेनना मुलं घरी पाठवावी लागली, तेव्हा फोनसमोर किताब उघडून बसायची ही रीत गावोगावच्या वयस्कर किआईंनीही उचलली. कॅमेरा आडवा धरायचा की उभा, हे त्यांना शिकवणारे अर्थात सांत्रीच होते.

इंटरनेटवरची सर्वांत गाजलेली पेसांत्रेन-बातमी मात्र त्याआधीची, मे २००९ ची. 'इंडोनेशियात फेसबुक हराम' असे मथळे जगभर झळकले. घडलं होतं ते असं. पूर्व जावा आणि मदुरातल्या मुलींच्या पेसांत्रेनची एक चर्चासभा लिर्बोयोला भरली होती. अशा सभेला 'बहसुल मसाइल' म्हणतात: प्रश्न मांडायचा, किताबांतून आधार काढायचे, एकमेकांचे आधार खोडायचे, आणि शेवटी निकाल लिहायचा. प्रश्न मुलींच्या जगातला होता. लग्नाआधी मुलाशी ओळख वाढवायची तर मोबाइलवर, चॅटवर, फेसबुकवर बोललेलं चालेल का? निकालाचा रोख लाडीगोडीच्या, अश्लील गप्पांवर होता. साधनावर बंदी नव्हती. पण 'हराम' हा शब्द मिळाल्यावर पुढचं वाक्य वाचायला वार्ताहर थांबतो कशाला? पुढच्या जानेवारीत याच मंचाने केस सरळ करण्याच्या 'रीबाँडिंग'वर आणि लग्नापूर्वीच्या फोटोसेशनवर चर्चा केली, पुन्हा मथळे, पुन्हा टिंगल. त्यांचे निकाल मला सोवळे वाटतात. तरी ब्युटी पार्लरमधल्या रसायनाचा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथासमोर ठेवून तासन्‌तास वाद घालणाऱ्या तरुण मुली, हे दृश्य टिंगलीत हरवायला नको होतं. आजही हे मंच गप्प नाहीत. २०२१ मध्ये पूर्व जावाच्या नहदलतुल उलमाने क्रिप्टो चलनावर निकाल दिला, आणि २०२५ मध्ये पासुरुआनच्या एका पेसांत्रेनमधल्या सभेने 'साउंड होरेग'वर, म्हणजे ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून काढायच्या मिरवणुकांवर. दोन्हींवर मनाई. डीजेच्या भिंतींनी खिडक्यांच्या काचा हादरलेल्या पुण्या-मुंबईकरांना निदान दुसऱ्या निकालाबद्दल सहानुभूती वाटेल.

संगीताच्या बाबतीत सांत्री इतके कडक नसतात. व्याकरणाच्या पाठांतरापासूनच ते सुरू होतं. तेराव्या शतकातल्या इब्न मालिकची 'अल्फिया' म्हणजे अरबी व्याकरण हजार श्लोकांत. ती मुखोद्गत केल्याशिवाय वरच्या इयत्तेत बसू देत नाहीत. एवढं रूक्ष प्रकरण डोक्यात जावं कसं? मुलं घोळक्याने बसतात, बादल्या, बाकडी, पाण्याचे कॅन बडवतात आणि श्लोक चालीवर म्हणतात. याला 'लालारान' म्हणतात. चाल कोणतीही चालते: लोकगीताची, दांगदुतची, आत्ता गाजत असलेल्या पॉप गाण्याची. शब्द पवित्र असले की चाल कुठली याची फारशी कोणी चौकशी करत नाही. आरतीला सिनेमाची चाल लावणाऱ्या आपल्या गणेश मंडळांना हे समजावून सांगायला नको. इथे मुंबईचाही थोडा हात आहे. दांगदुत हा इंडोनेशियाचा लोकप्रिय संगीतप्रकार हिंदी सिनेसंगीताच्या वळणावर घडला, तबल्यासारख्या ढोलकासकट. आणि पैगंबराची स्तुतिगीतं, 'सलावात', हिंदी चित्रपटांच्या चालींवर गाणं तिथे नवलाचं नाही.

२०१७-१८ च्या सुमारास याचा कळस झाला. प्रोबोलिंगो जिल्ह्यातलं 'शुब्बानुल मुस्लिमिन' हे सांत्रींचं सलावात-पथक डफांच्या ठेक्यावर, लोकप्रिय चालींत गाऊ लागलं आणि यूट्यूबवर प्रेक्षकांची रीघ लागली. त्यातला आझमी नावाचा किशोरवयीन गायक तर तारा झाला. मैदानं भरली, झेंडे फडकले, आणि टोपीवाल्या पोराने सूर लावला की मुलींचा असा गलका उठे की कोरियन बँडच्या चाहत्यांनी मान खाली घालावी. बुजुर्गांनी नाकं मुरडली: हे स्मरण पैगंबराचं की पोराचं? प्रश्न रास्त होता. तरी कार्यक्रम बंद पडले नाहीत. मुलींची बसायची जागा वेगळी झाली, सूत्रसंचालक मधूनमधून शिस्तीची आठवण देऊ लागला, गाणं चालू राहिलं.

याहून टोकाचं उदाहरण पश्चिम जावातल्या गारुत जिल्ह्यातलं. सिंगाजाया गावच्या इस्लामी माध्यमिक शाळेत २०१४ मध्ये तीन मुली एकत्र आल्या आणि त्यांनी मेटल बँड काढला, 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. सुंदानीज भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट. गावातून धमक्या आल्या, घरून विरोध झाला. २०२२ मध्ये त्या जर्मनीत वाकेनच्या मेटल महोत्सवात वाजवून आल्या आणि २०२४ मध्ये ग्लास्टनबरीत, तिथे वाजवणारा हा पहिला इंडोनेशियन बँड. पाश्चात्त्य वृत्तपत्रांना त्यांच्या डोक्यावरच्या रुमालाचं कोण अप्रूप! मुली मात्र शाळेबद्दल, युद्धाबद्दल, बाईच्या शरीरावर हक्क कोणाचा याबद्दल गातात. पेसांत्रेनमधली मुलं चालीखाली जुने शब्द ठेवतात, या मुलींनी शब्दही स्वतःचे आणले. म्हणूनच त्यांना जास्त सोसावं लागलं असावं.

इथवर सगळं खेळीमेळीचं वाटेल. पण पेसांत्रेन उभी आहे ती 'ताक्झिम'वर, गुरूबद्दलच्या आदरावर. किआई समोरून येताना दिसला की मुलं जागच्या जागी थांबतात, मान खाली घालतात. त्याच्यापुढे जायचं तर गुडघ्यांवर किंवा उकिडवं सरकत. त्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं. विद्या पुस्तकातून येते, पण 'बरकत' गुरूच्या मर्जीतून, ही श्रद्धा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका राष्ट्रीय वाहिनीने लिर्बोयोच्या वृद्ध किआईंची दृश्यं दाखवून या सरकण्याची आणि किआईंना पैशांची पाकिटं देण्याची चेष्टा केली. दुसऱ्याच दिवशी वाहिनीवर बहिष्काराचा हॅशटॅग देशभर पहिल्या क्रमांकावर होता. तो चालवणारे तेच: मीडिया टीमवाले, माजी सांत्री, नोकरदार. वाहिनीने माफी मागितली. फोन जप्त करणाऱ्या शिस्तीचं रक्षण फोनवरून झालं.

त्या आठवड्यात प्रतिवादही झाला, आणि तोही ऐकण्यासारखा होता. कारण जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, २९ सप्टेंबरला, सिदोआर्जोच्या अल खोझिनी पेसांत्रेनची अनेक मजली इमारत दुपारच्या नमाजात मुलांवर कोसळली होती. साठहून अधिक जण गेले, बहुतेक पोरसवदा. वर काँक्रीट ओतायचं काम त्याच दिवशी चालू होतं. किआईच्या शब्दावर मजल्यावर मजला चढतो, नकाशा आणि अभियंता कोण विचारतो? 'रोआन'च्या नावाखाली मुलांना घमेली वाहायला लावणं ही सेवा की फुकटची मजुरी? हे प्रश्न विचारणाऱ्यांत माजी सांत्री पुष्कळ होते. त्याआधी, २०२१ मध्ये, बांडुंगमधल्या एका निवासी शाळेच्या प्रमुखाने तेरा विद्यार्थिनींवर वर्षानुवर्षं अत्याचार केल्याचं उघडकीला आलं. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने त्याला मृत्युदंड ठोठावला. गुरूपुढे मान वर न करण्याची सवय अशा माणसाच्या किती पथ्यावर पडते, हे वेगळं सांगायला नको. आदराची परंपरा जशीच्या तशी ठेवून फक्त कॅमेरे आणले तर काही बदलत नाही, असं माझं मत या दोन घटनांनी पक्कं केलं.

ज्यांनी या आदरालाच हात घातला त्या प्रामुख्याने बायका. देनान्यारच्या किआई बिस्री शंसुरी यांनी १९१९ मध्ये मुलींचा वर्ग सुरू केला, तो काळ त्यालाही धाडस म्हणण्याचा. आज मुलींची वसतिगृहं जवळपास सगळीकडे आहेत, पण 'निंग'चं आयुष्य अजून बरंचसं वडीलधाऱ्यांच्या हातात असतं. खिल्मा अनिस या अशाच एका निंगने 'हाती सुहिता' ही कादंबरी आधी फेसबुकवर टप्प्याटप्प्याने लिहिली. २०१९ मध्ये पुस्तक निघालं, २०२३ मध्ये चित्रपट. नायिकेचं लग्न लहानपणीच एका गुसशी ठरलेलं, नवऱ्याचं मन दुसरीकडे, आणि सासरची पेसांत्रेन सांभाळायची जबाबदारी तिच्यावर. ती बंड करत नाही. तिच्या सोशिकपणाचा राग येतो, हे कबूल. पण शयनगृहात काय चालतं, सासूसासऱ्यांच्या आदरापोटी सून काय गिळते, हे पेसांत्रेनच्या आतून, नावानिशी आणि हजारो वाचकांसमोर लिहिलं गेलं, तेही एका निंगकडून.

याहून थेट घाव घातला गेला चिरेबोनमध्ये. केबोन जांबू या पेसांत्रेनच्या प्रमुख न्याई मस्रिया अम्वा कविता लिहितात, आणि पतीच्या निधनानंतर त्यांनी संस्था कोणा पुरुषाच्या हाती न देता स्वतः चालवली. २५ ते २७ एप्रिल २०१७ या काळात त्यांच्या अंगणात इंडोनेशियातल्या स्त्री उलेमांची पहिली परिषद भरली. फतवे निघाले तीन विषयांवर: लैंगिक अत्याचार, बालविवाह आणि निसर्गाचा नाश. लिर्बोयोच्या मुलींच्या सभेत जी पद्धत होती तीच इथे होती: प्रश्न, कुराण, हदीस, किताबांतले आधार. भर एकाच गोष्टीची पडली. स्त्रियांना प्रत्यक्ष काय भोगावं लागतं, तोही पुरावा धरायचा. लग्नाचं वय ठरवताना ग्रंथकारांची मतं जशी मांडली गेली, तशी पंधराव्या वर्षी बाळंत झालेल्या मुलीची अवस्थाही. या पेसांत्रेनमधल्या मुलामुलींचं रोजचं जगणं शलाहुद्दिन सिरेगार यांच्या 'पेसांत्रेन' या २०१९ च्या माहितीपटात पाहायला मिळतं, आणि न्याई मस्रिया यांच्यासमोर मुलगेही मान खाली घालून बसतात, हेही.

इंडोनेशियात मुलीच्या लग्नाचं किमान वय १६ होतं. घटना न्यायालयाचा निकाल आणि अनेक संघटनांचा रेटा यांमुळे २०१९ मध्ये संसदेने ते १९ केलं; स्त्री उलेमांचा फतवा या रेट्यातला एक हात. पण कायद्यात पळवाट आहे. धार्मिक न्यायालयाकडून सवलत घेऊन कमी वयातही लग्न लावता येतं. २०१९ मध्ये असे सुमारे २३,००० अर्ज आले होते, २०२० मध्ये ते ६४,००० च्या वर गेले. मर्यादा वाढल्याने जास्त मुली अर्जाच्या कक्षेत आल्या हे एक कारण, करोनाच्या काळात बंद पडलेल्या शाळा हे दुसरं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जेपाराच्या पेसांत्रेनमध्ये परिषद दुसऱ्यांदा भरली तेव्हा विषयपत्रिकेवर सक्तीचं लग्न होतं, मुलींची सुंता होती, बलात्कारातून राहिलेलं गर्भारपण होतं, आणि त्यांच्याच जोडीला कचऱ्याचा प्रश्न.